परक्या गावातील पत

युरोपची प्रवासवर्णने आपल्या भाषेत थोडीथोडकी नाहीत. त्यांत ऱ्हाइनचे वळसे असतात, आल्प्सची शिखरे असतात, चित्रशाळा आणि प्रार्थनामंदिरे असतात. परंतु लेखकाने वाटखर्चाचे पैसे कोठून आणि कसे मिळविले, हे त्यांत क्वचितच सापडते. विषय रुक्ष आहे खरा. तथापि एकोणिसाव्या शतकातील प्रवाशाला तो मुळीच गौण वाटत नसे. त्या काळी मरे आणि बेडेकर यांची मार्गदर्शक पुस्तके प्रवाशाच्या हाती असत. (बेडेकर हे नाव आपल्याला घरचे वाटले, तरी हा गृहस्थ कोब्लेंट्सचा जर्मन प्रकाशक!) या पुस्तकांत देवळांची आणि किल्ल्यांची माहिती येण्यापूर्वी नाण्यांची कोष्टके येत आणि पैसे बरोबर कसे न्यावेत याविषयी सूचना येत. लंडन, पॅरिस किंवा व्हिएन्ना येथे पैशाची अडचण पडण्याचे फारसे कारण नव्हते. तेथे नामांकित पेढ्या होत्या. खरी परीक्षा असे ती लहान गावात. तेथे प्रवाशाला ओळखणारे कोणी नसे, आणि त्याच्याजवळच्या कागदालाही ओळखणारे कोणी नसे.

ज्यांचे आयुष्य बदल्यांत जाते, त्यांना ही अडचण समजावून सांगावयास नको. नव्या ठाण्यावर रुजू झालेल्या अधिकाऱ्याचा हुद्दा कितीही मोठा असो, जुन्या कोषागारातून शेवटच्या पगाराचा दाखला येईपर्यंत नवे कोषागार त्याला पगार देत नाही. मनुष्य तोच, सरकार तेच. परंतु एका गावाने दुसऱ्या गावास ‘हा मनुष्य आमच्या माहितीचा आहे’ असे कळवावे लागते. युरोपातील प्रवाशाच्या पैशाचा सात-आठशे वर्षांचा इतिहास म्हणजे या कळविण्याच्या निरनिराळ्या तऱ्हांचा इतिहास होय.

त्याचा आरंभ व्यापाऱ्यांपासून करावा लागतो. बाराव्या व तेराव्या शतकांत फ्रान्समधील शांपेन प्रांतात त्र्वा, प्रोव्हँ इत्यादी गावी मोठ्या जत्रा भरत. फ्लँडर्सचे कापड आणि इटलीमार्गे आलेला पूर्वेकडील माल यांचा तेथे व्यवहार होई. इतक्या दूरवर सोन्यारुप्याची पोती वाहून नेणे धोक्याचे होते. म्हणून इटालियन सराफांनी एका ठिकाणी पैसे भरून दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या चलनात ते मिळण्याची पद्धत वाढविली. तीतूनच पुढे युरोपची हुंडी तयार झाली. फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो या गावचा व्यापारी फ्रांचेस्को दातीनी १४१० मध्ये वारला. त्याच्या घरात सुमारे दीड लाख पत्रे आणि हजारो हुंड्या जपून ठेवलेल्या निघाल्या, त्यांवरून या व्यवहाराची बारीकसारीक माहिती मिळते. मात्र हुंडी वटण्यास दोन्ही टोकांस परस्परांच्या विश्वासातली पेढी असावी लागे. ब्रूजहून जिनोव्हावर हुंडी करता येई, पण वाटेतल्या खेड्यावर ती करता येत नसे. कारण तेथे ती स्वीकारणारा कोणी नव्हता. दोन मोठ्या शहरांमधल्या मुलुखात प्रवाशाला कमरेच्या कशातील आणि कपड्यांत शिवलेल्या नाण्यांवरच भिस्त ठेवावी लागे.

आपल्याकडील हुंडीने याच प्रश्नाचा किती बारकाईने विचार केला होता, हे येथे आठवते. दर्शनी हुंडी दाखविताच वटे, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनी वटे. धनीजोग हुंडीचे पैसे धन्याला मिळत. परंतु शहाजोग हुंडीचे पैसे केवळ ‘शहा’ला, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा गृहस्थालाच, देता येत. हुंडी वाटेत चोरीस गेली तरी चोराला पैसे घेण्यासाठी कोणातरी प्रतिष्ठित माणसामार्फतच यावे लागे, आणि तेथे त्याचे बिंग फुटे. मूळ हुंडी गहाळ झाल्यास ‘पेठ’ आणि तीही हरवल्यास ‘परपेठ’ काढण्याची सोय होती. येथे कागदाची किंमत कागदात नव्हती, तर ओळखीच्या माणसांच्या साखळीत होती. ‘पत’ हा एकच शब्द आपण उधारी आणि अब्रू या दोहोंसाठी वापरतो, हे अगदी यथार्थ आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडमधील सधन कुटुंबांतील तरुण फ्रान्स-इटलीचा दीर्घ प्रवास करू लागले, तेव्हा व्यापाऱ्यांचे हे साधन प्रवाशांच्या हाती आले. लंडनच्या सराफाकडे रक्कम ठेवावी किंवा तिची हमी द्यावी. सराफाने परदेशातील आपल्या आडत्यांच्या नावे पतपत्र द्यावे. प्रवाशाने ते पॅरिस, जिनीव्हा, फ्लॉरेन्स अशा ठिकाणी दाखवून लागतील तेवढे पैसे उचलावेत, आणि दिलेली रक्कम सराफाने पत्रावरच नोंदून ठेवावी, असा हा क्रम होता. यात दोन उणिवा होत्या. एक म्हणजे पत्रात ज्यांची नावे असतील त्यांच्याच दारी जावे लागे. दुसरी ही, की पैसे संपण्याची वेळ आणि सराफाचे गाव येण्याची वेळ यांची गाठ पडेलच असा नेम नसे. वाटेत गाडीचे चाक मोडले, कोणी आजारी पडले, बर्फाने घाट बंद झाला, की हिशेब चुकलाच!

स्कॉटिश सराफ रॉबर्ट हेरीज यांनी यावर युक्ती काढली आणि १७७२ मध्ये ती अमलात आणली. एका मोठ्या पतपत्राऐवजी ठरावीक रकमांच्या सुट्या चिठ्ठ्या त्यांनी विकावयास काढल्या. त्या युरोपातील सुमारे नव्वद शहरांत वटविता येत. चिठ्ठ्यांबरोबर एक ओळखपत्र मिळे, त्यावर प्रवाशाची सही असे. चिठ्ठ्या एका खिशात आणि ओळखपत्र दुसरीकडे, असे ठेवावयाचे, म्हणजे दोन्ही एकदम चोरीस जाणार नाहीत. इंग्रजीत यांना ‘सर्क्युलर नोट’ म्हणत. आपण ‘फिरती हुंडी’ म्हणू. शहाजोग हुंडीत जे काम बाजारातील प्रतिष्ठित गृहस्थ करी, ते येथे सहीवर सोपविले गेले. माणसाने माणसाची ओळख देण्याऐवजी अक्षराने अक्षराची ओळख देण्याचा हा प्रारंभ होय.

तरीही नव्वद शहरे म्हणजे काही सारा युरोप नव्हे. शिवाय पैसे मिळाले तरी ते कोणते, हा प्रश्न उरे. जर्मन मुलुखात उत्तरेकडे थालर आणि दक्षिणेकडे गुल्डेन चाले. १८३८ च्या ड्रेस्डेन येथील करारात दोन थालरांस साडेतीन गुल्डेन असा भाव ठरला, त्यावरून आधीच्या गोंधळाची कल्पना यावी. स्वित्झर्लंडमध्ये १८५० पर्यंत निरनिराळ्या कँटनांची निरनिराळी नाणी होती. एका दऱ्यात घेतलेली मोड पुढच्या दऱ्यात घेतली जाईल याची शाश्वती नसे. इटलीत एक लिरा सर्वत्र लागू झाला तो १८६२ मध्ये. मोठ्या शहरातला सराफ काट्यावर तोलून आणि कोष्टक पाहून नाणे बदलून देई. लहान गावात हे काम सराईचा मालक करी, आणि भाव तो सांगेल तो! प्रवाशाला पर्याय नव्हता. येथे सराईवाल्यास केवळ लोभी ठरविणे अन्यायाचे होईल. हाती आलेले परके नाणे पुढे कोठे खपवावयाचे, ही विवंचना त्यालाही होतीच. तिची किंमत तो पाहुण्याकडून घेई, एवढेच.

१८६५ मध्ये फ्रान्स, बेल्जम, इटली आणि स्वित्झर्लंड या चार देशांनी आपली सोन्यारुप्याची नाणी एका वजनाची व कसाची करण्याचे ठरविले; १८६८ मध्ये ग्रीसही त्यांत सामील झाला. त्यामुळे वीस फ्रँकचे सोन्याचे नाणे नेपल्सपासून ब्रसेल्सपर्यंत चालू लागले. हा करार नाण्यांपुरताच होता, नोटांना तो लागू नव्हता. तथापि प्रवाशाचा एक मोठा जाच त्याने हलका केला. १८७३ च्या कायद्याने जर्मनीतही मार्क हे एकच चलन ठरले.

याच सुमारास रेल्वेने प्रवाशांचा वर्गच बदलून टाकला. १८४१ मध्ये लेस्टरहून लफबरोपर्यंत मद्यपाननिषेधाच्या सभेसाठी खास गाडी नेणाऱ्या टॉमस कुक यांनी पुढे मध्यम वर्गातील माणसांस आल्प्सपर्यंत पोहोचविले. या माणसांची लंडनच्या बड्या सराफाशी ओळख नव्हती; पतपत्र मिळविण्याइतकी त्यांची पुंजीही नव्हती. कुक यांनी प्रवाशाच्या गरजेकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. परगावी मनुष्याला पैसे हवे असतात ते मुख्यत्वे अंथरूण आणि अन्न यांसाठी. तेव्हा १८६८ पासून त्यांनी हॉटेलची कुपने आधीच विकावयास आरंभ केला. स्विस खेड्यातल्या खानावळवाल्यास कुपन दिले की जेवण मिळे, आणि तो ती कुपने जमवून कुक यांच्याकडून पैसे घेई. प्रवाशाला रोख रकमेची गरजच कमी पडावी, अशी ही योजना होती. १८७४ मध्ये कुक यांनी आपल्या फिरत्या हुंड्याही काढल्या आणि त्या बँकांप्रमाणेच हॉटेलांतही स्वीकारल्या जाव्यात अशी व्यवस्था केली. सराईवाल्याचा आणि सराफाचा धंदा या लहान गावांत पूर्वीपासून एकाच छपराखाली चालत होता. कुक यांनी त्या वस्तुस्थितीला रीतसर मान्यता दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

या प्रकरणातील सर्वांत प्रसिद्ध कथा १८९० ची आहे. अमेरिकन एक्स्प्रेस ही त्या वेळी माल व पैसा पोहोचविणारी कंपनी होती. तिचे अध्यक्ष जे. सी. फार्गो युरोपच्या प्रवासास गेले. खिशात उत्तम बँकांची पतपत्रे होती. परंतु मोठी शहरे सोडून आडवाटेला लागताच त्या पत्रांना कोणी विचारीना. एवढ्या मोठ्या कंपनीच्या अध्यक्षाची ही गत, तर सामान्य प्रवाशाचे काय, असा विचार करीत ते संतापून परतले आणि आपले सहकारी मार्सेलस बेरी यांस त्यांनी यावर तोड काढण्यास सांगितले. बेरी यांनी १८९१ मध्ये जी तोड काढली, तिचा सारा चमत्कार एका जागेत होता. प्रवाशाने धनादेश विकत घेताना त्यावर एक सही करावयाची आणि वटविताना देणाराच्या डोळ्यांदेखत दुसरी. दोन सह्या एकाच कागदावर असल्याने त्या ताडून पाहण्यास सराफी विद्येची गरज उरली नाही. कोणत्याही दुकानदाराला ते साधे. शिवाय निरनिराळ्या देशांच्या चलनात किती रक्कम द्यावयाची, हेही धनादेशावरच छापलेले असे. १८९१ च्या ऑगस्टमध्ये फार्गो यांचे पुत्र विल्यम यांनी लाइप्झिग येथे असा पहिला धनादेश वटविला, तो बँकेत नव्हे, तर एका हॉटेलात. लाइप्झिग काही खेडे नव्हे. तरी पतीचा कागद पेढीच्या उंबरठ्याबाहेर आल्याची ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या कागदाची कसोटी लागली १९१४ च्या ऑगस्टमध्ये. युद्ध पेटताच युरोपातील बँकांनी दारे लावून घेतली. इंग्लंडमध्ये बँकांची सुटी वाढवून ६ ऑगस्टपर्यंत नेण्यात आली. हजारो अमेरिकन प्रवासी हातात उत्तम पतपत्रे असून निर्धन झाले. अमेरिकन सरकारने ‘टेनेसी’ ही युद्धनौका सोने देऊन युरोपकडे पाठविली. लंडनमध्ये हर्बर्ट हूव्हर यांनी अडकलेल्या देशबांधवांस मदत करण्याची व्यवस्था उभारली. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले ते हेच हूव्हर. पत ही शांततेची कन्या आहे, याचा धडा त्या पंधरवड्यात युरोपने घेतला. पुढे १९२३ मध्ये जर्मनीत त्याहून विपरीत प्रकार झाला. मार्क कोसळत गेला आणि नोव्हेंबरात एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क असा भाव झाला. नगरपालिका आणि कारखाने स्वतःच नोटा छापू लागले. लहान गावात पैसा मिळत होता. पण तो वेशीबाहेर चालेल की नाही, हे सांगता येत नव्हते. १८५० पूर्वीच्या स्विस दऱ्याखोऱ्यांची स्थिती कागदी रूपात परत आली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर अडचणीचे स्थान बदलले. आता परक्या गावाने विश्वास ठेवण्यापूर्वी स्वतःच्या सरकारने परवानगी देणे आवश्यक झाले. इंग्लंडमध्ये १९६६ पासून काही वर्षे प्रवाशास बरोबर ५० पौंडांहून अधिक परकीय चलन नेता येत नसे. आपल्याकडे १९४७ च्या परकीय चलन नियमन कायद्याखाली निर्बंध याहून कडक होते, आणि परदेशी निघालेल्या भारतीयाच्या हाती अवघे आठ डॉलर ठेवले जात, ही आठवण त्या पिढीतील अनेक जण सांगत. ती माणसे परगावी उतरत ती कोणातरी ओळखीच्याचा पत्ता घेऊनच. फार्गोच्या धनादेशाने दूर सारलेली ओळख त्यांना पुन्हा शोधावी लागली. १९९९ च्या कायद्याने हा सारा साचा बदलला.

युरोपात मात्र १९६९ पासून ‘युरोचेक’ आला. ठरावीक रकमेपर्यंतच्या धनादेशाची हमी प्रवाशाची बँक घेई, त्यामुळे परदेशातील लहान शाखाही तो निःशंकपणे वटवू लागली. त्याच्या दोन वर्षे आधी, २७ जून १९६७ रोजी, लंडनच्या उत्तरेस एन्फील्ड येथील बार्कलेज बँकेच्या भिंतीत पैसे देणारे यंत्र बसले होते. ते आणणाऱ्यांत प्रमुख असलेले जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म १९२५ मध्ये आपल्या शिलाँगचा. त्यांच्या यंत्रात कार्ड नव्हते. खास कागदी चिठ्ठी आत घालून गुप्त अंक दाबला की दहा पौंड बाहेर येत. हेरीजच्या ओळखपत्राचे आणि फार्गोच्या दुहेरी सहीचे काम आता चार अंकांवर आले. अक्षराची ओळखही संपली. आकड्याला आकडा जुळला की झाले.

पण हे यंत्र लहान गावात बसवावयाचे तर तेथे त्याला भिंत हवी, म्हणजे बँक हवी. ती कोठून आली? येथे फ्रीड्रिख विल्हेल्म राइफायझेन यांचे स्मरण करावे लागते. ऱ्हाइन प्रांतातील वायरबुश या गावचे प्रमुख असताना १८४६-४७ च्या दुष्काळात त्यांनी शेतकऱ्यांची सावकाराच्या पाशातील दैना पाहिली, आणि १८६४ मध्ये हेडेसडोर्फ येथे कर्ज देणारी सहकारी संस्था काढली. तिचे तत्त्व असे की सभासद एका लहान टापूतले असावेत, त्यांना परस्परांची माहिती असावी आणि कर्जाची जबाबदारी सर्वांनी मिळून घ्यावी. मोठ्या शहरांतल्या पेढ्या ज्या खेड्यात कधी आल्या नाहीत, तेथे खेडुतांच्या ओळखीतूनच बँक उभी राहिली. मद्रासचे सनदी अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५ ते १८९७ या काळात आपल्या अहवालात याच पद्धतीची शिफारस केली, १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा तिच्या अनुरोधाने झाला, आणि महाराष्ट्राच्या खेडोपाडी पुढे जी पतपेढी दिसू लागली तिचे एक मूळ त्या ऱ्हाइनकाठच्या खेड्यात आहे. जर्मन किंवा ऑस्ट्रियन खेड्यात आज प्रवाशाला जे यंत्र सापडते, ते पुष्कळदा राइफायझेनच्या परंपरेतील बँकेच्या किंवा तेथल्या बचत बँकेच्या भिंतीतले असते.

१ जानेवारी २००२ रोजी बारा देशांत युरोची नाणी व नोटा चालू झाल्या आणि नाण्यांच्या कोष्टकांचे प्रयोजन पुष्कळ अंशी संपले. युरोचेकची हमी त्याच्या आदल्या दिवशीच संपली होती. ट्रॅव्हलर्स चेकही मागे पडला. सराईवाल्याचा भाव मात्र अजून सर्वस्वी नाहीसा झालेला नाही. पुष्कळ यंत्रे पडद्यावर अदबीने विचारतात, की रक्कम आपल्याच चलनात, म्हणजे रुपयांत, मोजावी काय? होकार दिला तर भाव यंत्रवाल्याचा लागतो, आणि तो बहुधा प्रवाशाच्या तोट्याचा असतो. स्थानिक चलनच पत्करावे, हे शहाणपण बेडेकरच्या पुस्तकातही शोभले असते.

अलीकडच्या वर्षांत या इतिहासाला आणखी एक वळण लागले आहे. लोक खिशातल्या दूरध्वनीने पैसे देऊ लागले, तशा युरोपातील लहान गावांतल्या बँकांच्या शाखा बंद होत चालल्या. शाखेबरोबर भिंत जाते आणि भिंतीबरोबर यंत्र. इंग्लंडमध्ये २०२३ साली लोकांना रोख रक्कम मिळण्याची सोय राहावी यासाठी कायद्यात तरतूद करावी लागली. ही तरतूद प्रवाशासाठी नव्हती; गावातच जन्म काढलेल्या वृद्धांसाठी, लहान दुकानदारांसाठी होती. प्रवासी काय, पुढच्या शहरात जाईल. शंभर वर्षांपूर्वी जी अडचण केवळ परक्याची होती, ती आता गावकऱ्याच्याही दारी आली आहे.

या दीर्घ इतिहासाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते, की लहान गावात परक्याला पैसा मिळाला तो त्या गावाचे स्वतःचे काही चालते होते तेव्हाच: कधी सराई, कधी खानावळ, कधी सहकारी पेढी. लंडनच्या सराफाची सही कितीही वजनदार असली, तरी ती वटविणारा हात गावातलाच असावा लागे. कागद बदलले, सह्या गेल्या, अंक आले; तो हात मात्र नाहीसा झाल्यावर कोणत्याही यंत्राला त्याची जागा पुरती घेता आलेली नाही. नोकरीच्या निमित्ताने दूरदूरच्या लहान ठाण्यांवर वर्षे काढणाऱ्या आपल्या वाचकांना हे नवीन वाटणार नाही. पहिल्या महिन्यात, दाखला येण्यापूर्वी, ज्या वाण्याने नाव विचारून वहीत मांडून ठेवले आणि धान्य घरी पाठविले, तो त्यांच्याही आठवणीत असेलच.